थांग थांग थांग

१

सातव्या टाकीत दारूसाठी लावलेला भाताचा रांधा आंबट होऊन वाया गेला, ही बातमी मला सकाळी आठला फोनवर कळली. साडेआठला माझी खात्री पटली की शेन युएशियान खोटं बोलतेय.

फोन शाओशिंगच्या दारूच्या कारखान्यातून होता, उपव्यवस्थापक झू यांचा. झूसाहेब फोनवर बोलत नाहीत, ओरडतात.

"नी ताई, ही बाई म्हणते तुमच्या पडद्यानंच सांगितलं! पडद्यावर 'कढत' असं लिहून आलं म्हणे, म्हणून हिनं टाकीभोवती गार पाणी सोडलं. रांध्याचं आंबणं गारठून थांबलं आणि चार दिवसांत त्याचा चक्क आंबट काला झाला!"

"कढत? नक्की हाच शब्द?"

"हाच. मी दहा वेळा विचारलं. आता तुम्ही सांगा, असं येतं का पडद्यावर?"

मी म्हटलं, तपासून सांगते. खरं तर तपासायची गरज नव्हती. त्या कारखान्यातल्या प्रत्येक टाकीवरचा पडदा आमच्या कंपनीचा आहे आणि त्यातला प्रोग्राम सहा वर्षांपूर्वी मी स्वतः लिहिला आहे. आता मी लिहीत नाही, लोकांच्या चुका शोधते. या धंद्यात पन्नाशी उलटली की माणसाला एवढंच येतं. त्या पडद्याला तीनच गोष्टी बोलता येतात: 'थांबा', 'ढवळा' आणि 'गार करा'. तरीही मी सगळा प्रोग्राम उघडून 'कढत' शोधला. आमच्या चिनी भाषेत त्याला 'थांग' म्हणतात, एकच अक्षर. पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत ते अक्षर कुठेच नव्हतं.

मी झूसाहेबांना तसं कळवलं.

"झालं तर मग!" ते खूश झाले. "चारला नोटीस लावतो. उद्यापासून बाई बाटल्या धुवायला."

शेन युएशियानला मी ओळखत होते. बावीस वर्षं ती त्या आंबवणीच्या शेडमध्ये आहे. तिथले मुख्य उस्ताद लौ बिंगचांग या नव्या वर्षाला निवृत्त व्हायचे होते आणि रांधा ढवळायचं आपलं लाकडी दाताळं, म्हणजे उस्तादाची जागाच, ते तिच्या हातात देणार होते. त्या शेडमध्ये आजवर कुठल्या बाईच्या हातात ते गेलेलं नाही. आणि माझ्या एका फोनानं तिची रवानगी बाटल्यांकडे होत होती. मी गाडी काढली.

२

झूसाहेबांनी मला चहा दिला आणि नोटीसही दाखवली. टाइप करून, शिक्का मारून तयार होती. माणूस वाईट नाही. वरून कुणी विचारलं तर दाखवायला एक नाव लागतं, आणि ते नाव आपलं नसलं की त्यांना रात्री झोप येते.

"ही नोंद बघा," ते म्हणाले. पडदा दर मिनिटाला टाकीचं तापमान लिहून ठेवतो, फक्त आकडा, बाकी काही नाही. चार दिवसांपूर्वी सकाळी नऊ ते साडेनऊ. तापमान सत्तावीस पूर्णांक काहीतरी. मग अठ्ठावीस. अठ्ठावीस, अठ्ठावीस, अशी बारा मिनिटं. मग पाणी सोडल्यावर धाडकन खाली.

"अठ्ठावीस म्हणजे कढत का हो?" झूसाहेबांनी विचारलं. "माझा चहा याहून गरम आहे."

"नाही. अठ्ठावीस म्हणजे ढवळायची वेळ जवळ आली एवढंच. तेहेतीसच्या वर गेलं तर गार करायचं."

"आणि दुसरं म्हणजे, त्याच वेळी माझ्या इथल्या पडद्यावर सातव्या टाकीची ओळ मी स्वतः पाहिली. इथे तर साठवून ठेवायला सांगत होतं! म्हणजे हात लावू नका, आहे तसं ठेवा. हो की नाही? तिकडे कढत आणि इकडे साठव, असं कसं होईल? एकजण खोटं बोलतंय, आणि मी तर बोलत नाही."

तेव्हाच माझ्या डोक्यात घंटा वाजायला हवी होती, कारण 'साठव', आमच्या भाषेत 'थुन', हा शब्दही मी कधी लिहिलेला नव्हता. पण झूसाहेबांना कुठलीही गोष्ट आहे तशी सांगता येत नाही, ते तिला आपल्या शब्दांचा साज चढवतात. मी समजले, 'थांबा' वाचून यांनी 'साठव' केलं असेल. मी चहा संपवला आणि शेडकडे गेले.

३

लौ उस्ताद शेडच्या दारात स्टुलावर बसून बडीशेप घालून शिजवलेले वाल चघळत होते. शेडच्या भिंतीला पांढरे रांजण रचून ठेवले होते, प्रत्येकाला बाहेरून चुन्याचा हात दिलेला. उस्तादांना पडदे बसवले तेव्हापासून माझा राग आहे. मला बघून त्यांनी वालाची पिशवी पुढे केली, पण नजर वर केली नाही.

"आलात? तुमच्या काचेनं माझी पोरगी खाल्ली."

"उस्ताद, त्या काचेला तो शब्द येतच नाही."

"मग पोरगी खोटं बोलते?"

मी पिशवीतून एक वाल उचलला.

"बावीस वर्षांपूर्वी हिनं एकदा माझी टाकी बिघडवली," ते म्हणाले. "झाकण उघडं राहिलं. कुणी पाहिलं नव्हतं. मी दुसऱ्यालाच झापत होतो. ही मधे येऊन उभी राहिली आणि म्हणाली, झापायचं तर मला झापा, तो माझा गाढवपणा. खोटं बोलायचं तर तेव्हा बोलली असती, आता कशाला?"

"त्या सकाळी तुम्ही कुठे होतात?"

"आठव्या टाकीपाशी. पाणी सुटल्याचा आवाज आला म्हणून धावलो. हात घातला रांध्यात. छान ऊबदार होता, नुकता जागा होत असलेला. मी म्हटलं, अगं कुणी सांगितलं तुला? तिनं काचेकडे बोट केलं. पण माझा चष्मा खिशात. लावून बघतो तोवर आकडा उतरलेला आणि काच म्हणत होती 'थांबा'."

"म्हणजे तुम्ही तो शब्द पाहिला नाही."

"नाही पाहिला. पण तिचा चेहरा पाहिला. घाबरली होती." त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. "पडदे मला आवडत नाहीत, म्हणून मीच काही केलं असेल असं वाटतं ना तुम्हाला?"

वाटून गेलं होतं, हे मी कबूल करते.

"मला ती काच बंद करायलासुद्धा येत नाही," उस्ताद म्हणाले आणि आणखी एक वाल तोंडात टाकला.

४

शेन युएशियान आत रिकाम्या सातव्या टाकीला आतून घासत होती. झूसाहेबांनी सांगितलेलं नव्हतं, स्वतःहूनच. मला बघून बाहेर आली आणि ॲप्रनला हात पुसले. डोळे सुजलेले होते, पण आवाज नेहमीसारखाच.

"ताई, मी जे पाहिलं तेच सांगितलं. फोटो असता तर प्रश्नच नव्हता, पण इथे दारूच्या वाफा, फोन बाहेर कपाटात ठेवावा लागतो."

"आकडा किती होता?"

"अठ्ठावीस."

"अठ्ठावीसला कढत म्हणतात का? तू बावीस वर्षं काढलीस इथे."

"तेच तर! मलाही पटलं नाही. पण मला वाटलं, आकडा वरवरचा असेल, आणि आत खोल कुठेतरी काहीतरी तापलंय, ते यंत्राला कळलंय. नाहीतर एवढं ओरडलं कशाला असतं?"

"ओरडलं म्हणजे?"

"म्हणजे तसं नाही. ओरडल्यासारखं लिहिलेलं."

तिच्या हाताशी टाक्यांवर तारीख घालायचा खडू होता. मी तो तिला दिला. "इथे जमिनीवर लिही. जसंच्या तसं. तुझे शब्द नकोत, पडद्याचे लिही."

तिनं उकिडवं बसून लिहायला सुरुवात केली. थांग. थांग. थांग. मला वाटलं थांबेल. पण थांग, थांग, थांग करत ती टाकीच्या पायापासून दारापर्यंत सरकत गेली आणि मग उठली.

"असं. पूर्ण ओळ भरून. मधे जागा नाही, शेवटी टिंब नाही."

मी त्या ओळीकडे बघत राहिले आणि मला माझीच लाज वाटली. तीस वर्षं या धंद्यात काढून मी एवढंच विचारलं होतं की शब्द कुठला होता. किती वेळा होता, हे विचारायचं सुचलंच नव्हतं.

"युएशियान," मी म्हटलं, "तू खोटं बोलत नाहीस. आणि झूसाहेबही बोलत नाहीत. त्या पडद्यानं तुम्हाला दोघांना काहीही सांगितलेलं नव्हतं."

ती माझ्याकडे बघतच राहिली.

५

मी बाहेर कपाटातून फोन काढला आणि चिउ मिंगथावला लावला. हा आमचा इंजिनिअर, कारखान्यात जाऊन पडदे बसवतो. हुशार आहे, पण 'हो' म्हणायच्या आधी दोनदा 'नाही' म्हणतो.

"मिंगथाव, शाओशिंगला शेवटचा कधी गेला होतास?"

"मागच्या आठवड्यात, ताई. नवी आवृत्ती टाकायला."

"कुठली टाकलीस? पक्की की चाचणीची?"

"पक्की. म्हणजे पक्कीच ती."

"मिंगथाव."

"ताई, मला काय वाटतं, सध्या…"

"इथे एका बाईचं बावीस वर्षांचं काम चार वाजता भिंतीवर टांगतायत. कुठली टाकलीस?"

मग म्हणाला, "चाचणीची. पक्की सुरूच होईना. झूसाहेब डोक्यावर बसले होते, सण तोंडावर आलाय म्हणून. चाचणीची पहिल्या झटक्यात चालली. मी तुम्हाला फोन केला होता, ताई. तुम्ही म्हणालात, चालतंय ना? मग राहू दे."

मला तो फोन आठवला. मी तेव्हा मुलीच्या घरी जेवायला बसले होते आणि पुढ्यात वाळवलेल्या पाल्यात शिजवलेलं डुकराचं मांस होतं. अशा वेळी मी कशालाही राहू दे म्हणते.

"बरं," मी म्हटलं. "हे कागदावर लिहून पाठव. आपण दोघंही त्यात आहोत."

६

तीन वाजता मी सगळ्यांना सातव्या टाकीपाशी बोलावलं. झूसाहेब नोटीस हातात घेऊनच आले. मी टाकीतली तापमापकाची सळई बाहेर काढली, एका बादलीतल्या पाण्यात सोडली आणि उस्तादांचा गरम पाण्याचा थर्मास मागून घेतला.

"मी पाणी ओतते. झूसाहेब, तुम्ही पडदा मोठ्यानं वाचा. पण तुमच्या शब्दांत नको. दिसेल ते."

"वाचतो की! पंचवीस, थांबा. सव्वीस पूर्णांक दोन, थांबा. सत्तावीस पूर्णांक चार, थांबा." मी धार बारीक केली. "सत्तावीस पूर्णांक नऊ, थांबा."

मी आणखी चमचाभर ओतलं आणि हातानं पाणी हलवलं.

"अठ्ठावीस," झूसाहेब म्हणाले आणि पडद्याकडे वाकले. "थांग. थांग थांग थांग… अरे, हे काय? संपतच नाही!"

शेननं दोन्ही हात तोंडावर धरले. लौ उस्ताद चष्मा शोधत होते.

"आता बघा." मी आणखी थोडं ओतलं.

"अठ्ठावीस पूर्णांक एक. ढवळा." झूसाहेबांनी घाम पुसला. "गेलं. कुठे गेलं?"

"आता सांगा, तुमच्या खोलीतल्या पडद्यावर त्या दिवशी 'साठव' किती वेळा होतं?"

ते विचारात पडले. "ओळभर," ते हळूच म्हणाले. "थुन थुन थुन. मला वाटलं, जोर देऊन सांगतंय."

७

लौ उस्ताद म्हणाले, "समजेल असं सांगा. मी काचेतला नाही."

"उस्ताद, तुम्ही रिकाम्या रांजणाला बाहेरून चुना का लावता?"

"बारीक भोक असलं तर कळावं म्हणून. दारू झिरपली की चुन्यावर काळा डाग उठतो. चुना नसेल तर मातीत माती मिसळून जाते, कुणाला दिसत नाही."

"तसंच आहे हे. प्रोग्रामला शब्द ठेवायला यंत्रात जागा लागते. ती जागा रिकामी मिळते, पण कोरी मिळत नाही. आधी तिथे कुणी काही ठेवलेलं असतं, ते तसंच पडून असतं. लिहिणाऱ्यानं आधी तिथे काहीतरी भरायचं आणि मग वाचायचं. भरायचं विसरला, तर जुनंच वाचलं जातं. इथे जुनं म्हणजे मिनिटभरापूर्वीचं 'थांबा'. पक्क्या आवृत्तीत सहा वर्षं अठ्ठावीसला हेच होत होतं. पडदा शिळा शब्द दाखवत होता, तो योगायोगानं बरोबर असायचा, आणि कुणाला पत्ता नव्हता."

"मातीत माती," उस्ताद म्हणाले.

"चाचणीची आवृत्ती रिकाम्या जागेला आधी चुना लावते. एकच खूण सगळीकडे भरून ठेवते, म्हणजे न भरता कुणी वाचलं की चोरी पकडली जावी. यंत्रात ती खूण म्हणजे नुसता आकडा असतो. पण आमच्या लिपीत प्रत्येक अक्षरालाही आकडे आहेत, आणि त्या खुणेचे दोन आकडे शेजारी आले की 'थांग' वाचलं जातं. दुसऱ्या तऱ्हेच्या जागेला त्याच्या पुढचा आकडा भरतात, त्याचं 'थुन' होतं. झूसाहेबांच्या पडद्यावर ती जागा वाचली जात होती. ज्यानं या खुणा ठरवल्या तो परदेशी होता, त्याला आमचं एक अक्षर येत नसेल. दुसऱ्या देशात हाच पडदा असता तर वेड्यावाकड्या रेघा दिसल्या असत्या आणि कुणी ढुंकून पाहिलं नसतं. आमच्याकडे मात्र कचऱ्याला अर्थ निघाला, आणि तोही दारूच्या शेडमध्ये, 'कढत'."

"आमच्या कामात शिकाऊ पोरांनासुद्धा हा विनोद माहीत आहे," मी पुढे म्हटलं. "पण विनोद फक्त आम्हालाच माहीत होता."

झूसाहेबांनी नोटिशीची दुमडून लहान घडी केली. मग त्यांचा चेहरा उजळला. "म्हणजे दोष तुमच्या त्या मिंगथावचा! चाचणीची त्यानं टाकली."

"टाकायला नको होती, हे खरं. राहू दे मी म्हणाले, हेही खरं. पण चुन्यामुळे रांजण फुटत नाही. भोक आधीचंच होतं."

"मग भोक कुणाचं?"

प्रोग्राम सकाळीच उघडला होता, पण शब्द शोधायला. दुपारी तो पुन्हा उघडून मी त्या ओळी वाचल्या होत्या. अठ्ठावीसपेक्षा कमी असेल तर 'थांबा' भर. अठ्ठावीसपेक्षा जास्त असेल तर 'ढवळा' भर. बरोबर अठ्ठावीस असेल तर काय भरायचं, ते लिहिलेलंच नव्हतं. वर नाव होतं आणि सहा वर्षांपूर्वीची तारीख.

"माझं," मी म्हटलं. "नी वेईहोंग. हेच अहवालात लिहा, मी सही करते. सकाळी फोनवर मीच हिला खोटं ठरवलं होतं, तेही लिहा."

शेनकडे बघायचा मला धीर होईना. ती माझ्याजवळ आली आणि म्हणाली, "ताई, तुम्ही बघायला तरी आलात ना." माझे डोळे भरून आले, आणि ते लपवायला मी बादली उचलून ओतायला गेले.

८

मला वाटलं होतं, संपलं. पण उस्तादांचं संपलं नव्हतं.

"पोरी," त्यांनी शेनला विचारलं, "पाणी सोडायच्या आधी हात घातला होतास?"

शेननं मान खाली घातली. "घातला होता."

"काय म्हणाला हात?"

"म्हणाला, छान आहे. अजून तासभर थांब."

"मग?"

"सहा वर्षांत पडदा एकदाही चुकला नव्हता, उस्ताद. मला वाटलं, माझाच हात म्हातारा झाला."

ते मला उस्तादांच्या शिव्यांपेक्षा जास्त लागलं. चार दिवस तिनं ही गोष्ट कुणाला सांगितली नव्हती. सांगितली असती तर झूसाहेबांनी तिच्याचविरुद्ध वापरली असती. तरी आता विचारल्यावर तिनं सरळ सांगून टाकली, बावीस वर्षांपूर्वीसारखीच.

उस्ताद उठले, आत गेले आणि भिंतीवरचं दाताळं घेऊन आले. दांडा हातानं घासून काळा झालेला. "नव्या वर्षाला द्यायचं होतं," ते म्हणाले. "पण तोवर तू आणखी काही काचा वाचशील. आत्ताच घे."

झूसाहेबांनी घडी केलेली नोटीस खिशात घातली. कुठे फेकली नाही, पण घातली एकदाची.

मी पडद्यासमोर खुर्ची ओढली. मिंगथावनं दुरुस्त केलेली पक्की आवृत्ती पाठवली होती, त्यात ती एक ओळ भरायची राहिली होती. सहा वर्षांपूर्वी मी एका वातानुकूलित खोलीत बसून हे आकडे लिहिले होते आणि या शेडमधल्या एकाही माणसाला काही विचारलं नव्हतं.

"युएशियान," मी म्हटलं, "बरोबर अठ्ठावीस असेल तर पडद्यानं काय म्हणायचं?"

तिनं उस्तादांकडे पाहिलं. ते मुद्दाम दुसरीकडे बघत वाल चघळत होते. मग तिनं सांगितलं आणि मी तसंच टाइप केलं.

चार वाजून वीस मिनिटांनी आठवी टाकी चढत चढत अठ्ठावीसवर आली. आम्ही चौघं पडद्यासमोर उभे होतो. सत्तावीस पूर्णांक नऊ, थांबा. मग आकडा बदलला, ओळ क्षणभर कोरी झाली आणि अक्षरं उमटली.

'हात घालून बघा.'

"बघते बाई, बघते," शेन पडद्याला म्हणाली, आणि तिनं बाही वर सारली.